नवा जोडलेला संगणक सुरू होत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, बीड या भागांत संगणकाचे सुटे भाग आता कुरिअरने घरपोच येतात आणि पुष्कळ विद्यार्थी आपला संगणक स्वतःच्या हाताने जोडतात. अडचण येते ती जोडणी झाल्यावर. बटण दाबूनही संगणक सुरू झाला नाही, की घाबरून एखादा भाग सदोष ठरवला जातो आणि परत पाठवला जातो. तो पुण्याला किंवा मुंबईला जाऊन येईपर्यंत दोन-तीन आठवडे निघून जातात आणि पुष्कळदा तोच भाग ‘दोष आढळला नाही’ अशी चिठ्ठी लागून परत येतो. मी परभणीत गेली अनेक वर्षे संगणक जोडून देतो. माझा अनुभव असा आहे, की नव्या संगणकातला भाग क्वचितच मेलेला असतो. बहुतेक वेळा तो नीट बसलेला नसतो, चुकीच्या जागी जोडलेला असतो, किंवा दोष संगणकात नसून घरातल्या विजेत असतो. म्हणून भाग परत पाठवण्यापूर्वी खालील उत्तरे सावकाश वाचावीत, एवढी विनंती आहे.

‘सुरू होत नाही’ म्हणजे नेमके काय, हे कसे सांगावे?

माझ्याकडे येणारे बहुतेक जण ‘चालू होत नाही’ एवढेच सांगतात, पण या तीन शब्दांत चार वेगवेगळे आजार दडलेले असतात आणि प्रत्येकाचा उपचार वेगळा असतो. पहिल्या प्रकारात बटण दाबले तरी कसलीच हालचाल होत नाही. दुसऱ्यात पंखा अर्धा-एक फेरा फिरतो आणि थांबतो, किंवा संगणक सारखा चालू-बंद होत राहतो. तिसऱ्यात पंखे फिरतात, दिवे लागतात, पण डिस्प्ले येत नाही. चौथ्यात डिस्प्ले येतो, बायोसही (विंडोजच्या आधी चालणारा, मदरबोर्डमध्येच असलेला प्रोग्राम) दिसते, मात्र विंडोज सुरू होत नाही किंवा थोड्या वेळाने सगळे बंद पडते. आपला संगणक या चारांपैकी कोणत्या प्रकारात बसतो, हे आधी ठरवा आणि वहीत लिहून ठेवा. त्यानंतर एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक बदलानंतर काय झाले तेही लिहा. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि संगणक सुरू झाला, तर दोष कशात होता हे कधीच कळत नाही आणि आठवड्याने तोच दोष पुन्हा डोके वर काढतो.

बटण दाबले तरी काहीच होत नाही. सुरुवात कुठून करावी?

भिंतीपासून. त्याच बोर्डात मोबाइलचा चार्जर किंवा टेबललॅम्प लावून वीज येते का ते पाहा, कारण संगणकाची जाड पिन जुन्या सॉकेटमध्ये सैल बसते आणि वरून पाहताना ते लक्षात येत नाही. त्यानंतर एसएमपीएसच्या, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या पेटीच्या, मागचा लहान खटका पाहा. त्यावर रेघ आणि वर्तुळ अशा दोन खुणा असतात आणि रेघेची बाजू दाबलेली असली पाहिजे. एसएमपीएसमध्ये जाणारे केबलचे टोकही शेवटपर्यंत आत ढकला.

एवढे करूनही काही झाले नाही, तर पुढचा संशय कॅबिनेटच्या बटणावर घ्यावा. कॅबिनेटमधून निघणाऱ्या बारीक वायरी मदरबोर्डच्या, म्हणजे सगळे भाग ज्याला जोडले जातात त्या मुख्य बोर्डाच्या, उजव्या खालच्या कोपऱ्यातल्या पिनांवर बसतात आणि त्या एका पिनेने जरी सरकल्या तरी बटण निरुपयोगी होते. मदरबोर्डच्या पुस्तिकेत पॉवर स्विचच्या दोन पिना दाखवलेल्या असतात. वायर काढून त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचे टोक क्षणभर, एकाच वेळी टेकवा. संगणक सुरू झाला, तर मदरबोर्ड आणि एसएमपीएस दोन्ही ठीक आहेत आणि दोष फक्त बटणात किंवा त्याच्या वायरीत आहे. या पिनांवर अगदी कमी व्होल्टेज असते, त्यामुळे ही चाचणी सुरक्षित आहे. मात्र शेजारच्या पिनांना टोक लागू देऊ नका.

त्या बारीक वायरींमध्ये उलट-सुलट असते का?

पॉवर आणि रीसेट या बटणांच्या वायरींना उलट-सुलट नसते. दिव्यांच्या वायरींना असते; त्या उलट लागल्या तर दिवा लागत नाही, बिघाड काही होत नाही.

मदरबोर्डला २४ पिनांचा कनेक्टर घट्ट लावला आहे. तरीही संगणक का उठत नाही?

मदरबोर्डला विजेची दोन तोंडे असतात. एक २४ पिनांचे आणि दुसरे प्रोसेसरसाठीचे ८ पिनांचे, जे बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात असते. हे दुसरे तोंड कॅबिनेटच्या छताजवळ, हात नीट पोहोचत नाही अशा जागी असल्यामुळे ते विसरले जाते किंवा अर्धवट बसते. प्रोसेसरला वीजच मिळाली नाही, तर पंखे फिरतील पण पुढे काहीही होणार नाही. कनेक्टरची चिमटी बोर्डाच्या कडेवर अडकल्याचा आवाज आला पाहिजे, आणि नंतर हलकेच ओढून पाहिले तरी तो निघता कामा नये.

येथे एक घोळ नेहमी होतो. ग्राफिक्स कार्डासाठीचा कनेक्टरही ८ पिनांचाच असतो आणि दोन्ही साधारण सारखेच दिसतात. ओळखण्याची खूण सोपी आहे: प्रोसेसरचा कनेक्टर मधोमध फुटून चार आणि चार असा होतो, तर ग्राफिक्स कार्डाचा सहा आणि दोन असा होतो. जोर लावून बसवावा लागत असेल, तर तो चुकीचाच आहे असे समजा.

आणखी एक गोष्ट मी कळकळीने सांगतो. ज्या एसएमपीएसच्या केबल सुट्या निघतात, त्याच्या केबल दुसऱ्या एसएमपीएसला कधीही लावू नका, दोघांचे टोक सारखे दिसले तरी. मदरबोर्डकडचे टोक ठरलेले असते, पण एसएमपीएसकडच्या टोकात कोणती वायर कुठे, हे प्रत्येक उत्पादक, कधी कधी एकच उत्पादक दोन मॉडेलांतही, वेगळे ठेवतो. मित्राकडून उसनी आणलेली अशी एक केबल नवी हार्ड डिस्क पहिल्याच क्षणी जाळू शकते आणि त्यावर काहीही उपाय नसतो.

पंखा अर्धा फेरा फिरतो आणि थांबतो. हे शॉर्ट आहे का?

तशी शक्यता बरीच आहे. एसएमपीएसला कुठेतरी शॉर्ट जाणवले, की तो स्वतःचे आणि इतर भागांचे रक्षण करण्यासाठी क्षणात बंद होतो.

दोन वर्षांपूर्वी जिंतूरचा एक अभियांत्रिकीचा विद्यार्थी आपले कॅबिनेट एसटीत मांडीवर घेऊन परभणीला आला होता. त्याने वर्षभर पैसे साठवून भाग मागवले होते, आणि मदरबोर्ड खराब निघाला असे फोनवर कुणीतरी सांगितल्यामुळे तो जवळजवळ रडकुंडीला आला होता. आम्ही बोर्डाचे सर्व स्क्रू काढले आणि बोर्ड अलगद वर उचलला. खाली, जिथे बोर्डाला भोकच नव्हते, तिथे एक पितळी स्टँडऑफ, म्हणजे बोर्डाला पत्र्यापासून वर धरणारा छोटा खांब, तसाच उभा होता. कॅबिनेट तयार करतानाच तो तिथे बसवलेला होता. या मुलाचा बोर्ड आकाराने लहान, त्यामुळे तो स्टँडऑफ बोर्डाच्या पाठीवरच्या झाळलेल्या टोकांना टेकत होता. बोर्डाच्या पाठीवर ज्वारीच्या दाण्याएवढा फिकट ओरखडा तेवढा उमटला होता. पक्कडीने तो स्टँडऑफ काढला, बोर्ड परत बसवला आणि संगणक पहिल्याच बटणाला सुरू झाला. तो बोर्ड कुरिअरने परत गेला असता, तर तिथल्या टेबलावर तो व्यवस्थित चालला असता आणि परभणीत येऊन पुन्हा बंद पडला असता.

म्हणून बोर्ड बसवण्यापूर्वी बोर्डावरची भोके आणि कॅबिनेटमधले स्टँडऑफ समोरासमोर मोजावेत. पूर्ण आकाराच्या एटीएक्स बोर्डाला साधारण ९ भोके असतात आणि त्याहून लहान अशा मायक्रो एटीएक्सला त्याहून कमी. ज्या स्टँडऑफवर भोक येत नाही तो काढलाच पाहिजे. मागची पत्र्याची पट्टी वेगळी येत असेल, तर तिची एखादी जीभ वाकून यूएसबीच्या किंवा लॅनच्या तोंडात शिरली आहे का, तेही पाहा. हातातून निसटून आत पडलेला स्क्रू तर शोधून काढल्याशिवाय वीज देऊच नये.

शंका फिटत नसेल, तर बोर्ड कॅबिनेटबाहेर काढा, तो ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून आला त्या खोक्यावर ठेवा आणि त्यावर फक्त प्रोसेसर, कूलर, एक रॅम आणि एसएमपीएस एवढेच जोडा. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तर ग्राफिक्स कार्डही जोडा. बाहेर संगणक सुरू झाला आणि आत होत नसेल, तर दोष कॅबिनेटमध्ये बसवण्यात आहे. बोर्ड ज्या चकचकीत पिशवीतून येतो त्या पिशवीवर तो ठेवून वीज देऊ नका, कारण काही पिशव्यांचा बाहेरचा थर वीजवाहक असतो.

पंखे फिरतात, रंगीत दिवे लागतात, पण डिस्प्ले येत नाही. काय तपासावे?

सर्वांत आधी मॉनिटरची केबल कुठे लावली आहे ते पाहा. ग्राफिक्स कार्ड बसवले असेल, तर केबल कार्डाच्या तोंडात लागली पाहिजे, वर असलेल्या मदरबोर्डच्या तोंडात नव्हे. ग्राफिक्स कार्ड नसेल, तर प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आहे का ते तपासा. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावात शेवटी ‘एफ’ हे अक्षर असते, उदाहरणार्थ आय५ १२४००एफ, त्यात ग्राफिक्स नसते. एएमडीच्या रायझन ५ ५६०० मध्येही नसते, मात्र ५६००जी मध्ये असते. असा प्रोसेसर घेऊन कार्डाविना संगणक जोडला, तर तो आतून व्यवस्थित सुरू होतो आणि पडदा मात्र कायम काळा राहतो. दुकानदाराने स्वस्त पडते म्हणून ‘एफ’ दिले आणि घेणाऱ्याला ते ठाऊक नाही, असे प्रसंग आमच्याकडे वरचेवर घडतात.

त्यानंतर बोर्डावरचे चार लहान दिवे पाहा. आजकालच्या बहुतेक बोर्डांवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स) आणि बूट (विंडोज असलेली डिस्क) अशा नावांचे दिवे असतात आणि संगणक जिथे अडला त्या टप्प्याचा दिवा जळत राहतो. तो दिवा म्हणजे त्या भागाचा मृत्यूचा दाखला नव्हे. डीरॅमचा दिवा रॅम सैल असली तरी जळतो, प्रोसेसरच्या सॉकेटमधली पिन वाकली असली तरी जळतो, आणि रॅम पूर्ण चांगली असून तिची ओळख पटवणे चालू असले तरीही जळतो.

डीरॅमचा दिवा जळतोच आहे. किती वेळ वाट पाहावी?

रॅम डीडीआर५ असेल तर धीर धरा. पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड आणि प्रोसेसर मिळून रॅमच्या प्रत्येक वाहिनीची वेळ जुळवून घेतात. एएमडीच्या एएम५ या नव्या सॉकेटच्या बोर्डांवर या कामाला काही मिनिटे लागतात, आणि रॅम जास्त असेल तर दहा-पंधरा मिनिटेही लागू शकतात. या काळात पडदा काळा असतो, दिवा जळत असतो आणि मधे संगणक आपोआप एकदा बंद होऊन पुन्हा सुरूही होऊ शकतो. लोक दोन मिनिटांनी कंटाळून बटण दाबून धरतात, संगणक बंद करतात आणि काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. अर्धा तास घड्याळ लावून बाजूला बसा. त्या वेळी लाइट जाण्याची शक्यता असेल, तर हे काम लाइट टिकेल अशा वेळी करा.

रॅम कोणत्या स्लॉटमध्ये लावावी आणि किती जोर द्यावा?

चार स्लॉट असतील आणि रॅम दोन असतील, तर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरावा. बहुतेक बोर्डांवर त्यांची नावे ए२ आणि बी२ अशी असतात. एकच रॅम असेल तर ती ए२ मध्ये लावावी.

जोराबद्दल सांगायचे, तर नवशिक्याला वाटतो त्यापेक्षा तो पुष्कळ जास्त लागतो. रॅमच्या तळाची खाच स्लॉटमधल्या उंचवट्याशी जुळवून घ्या, दोन्ही अंगठे दोन टोकांवर ठेवा आणि आधी एक टोक, मग दुसरे टोक सरळ खाली दाबा. प्रत्येक टोकाला वेगळा ‘कट्’ असा आवाज येतो. अनेक बोर्डांवर एकाच बाजूला चिमटी असते. अशा वेळी चिमटी नसलेली बाजू किंचित वर राहते आणि डोळ्यांना मात्र रॅम बसल्यासारखी दिसते. डोळे बोर्डाच्या पातळीवर आणून बाजूने पाहा, सोनेरी कडेची रेघ दिसत असेल तर रॅम अजून बसलेली नाही. डिस्प्ले न येणाऱ्या नव्या संगणकांत मला सर्वाधिक वेळा हेच आढळले आहे.

प्रोसेसर आणि बोर्ड एकमेकांना जुळतात असे लिहिले होते. तरी सीपीयूचा दिवा का जळतो?

सॉकेट जुळणे आणि बायोस जुळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. बोर्ड कारखान्यातून निघाला तेव्हा जो प्रोसेसर बाजारात आलेलाच नव्हता, त्याची ओळख त्या बोर्डाच्या बायोसला नसते. इंटेलचे १२ व्या पिढीचे प्रोसेसर २०२१ च्या अखेरीस आले आणि १४ व्या पिढीचे ऑक्टोबर २०२३ मध्ये. सॉकेट तोच, एलजीए १७००. त्यामुळे गोदामात पडून राहिलेला जुना बोर्ड १४ व्या पिढीच्या प्रोसेसरला ओळखणार नाही, असे होऊ शकते. रायझन ९००० मालिका २०२४ च्या ऑगस्टमध्ये आली, तेव्हा त्याआधीच्या बी६५० या एएम५ बोर्डांबाबतही हीच काळजी घ्यावी लागते.

बोर्डाच्या मागे बायोस फ्लॅशबॅकचे बटण असेल तर मार्ग सोपा आहे. उत्पादकाच्या संकेतस्थळावरून त्याच मॉडेलची नवी बायोस फाइल घ्या, पुस्तिकेत सांगितलेले नाव तिला द्या, फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर ठेवा, तो ठरवून दिलेल्या यूएसबी तोंडात लावा आणि बटण दाबून धरा. यासाठी प्रोसेसर ओळखला जाण्याची गरज नसते, बोर्डाला वीज मिळाली की पुरते. दिवा लुकलुकत असेपर्यंत हात लावू नका. या मिनिटांत लाइट गेली, तर बोर्ड निकामी होण्याचा धोका असतो. म्हणून हे काम यूपीएसवरच करावे. असे बटण नसेल, तर जुना प्रोसेसर असलेल्या दुकानात बोर्ड नेऊन बायोस अद्ययावत करून घ्यावे लागते.

बायोस रीसेट करण्यासाठी सेल काढावा का?

काढता येतो. वीज पूर्ण तोडा, पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून उरलेली वीज संपू द्या, बोर्डावरचा सीआर२०३२ हा गोल सेल काढा आणि पाच-दहा मिनिटांनी परत बसवा. बोर्डावर यासाठी दोन पिनाही असतात. त्या पुस्तिकेप्रमाणे काही सेकंद जोडल्या तरी चालते. रॅमचा वेग वाढवणारे एक्सएमपी किंवा एक्सपो चालू केल्यावर संगणक अडकला असेल, तर हा उपाय नक्की करा.

प्रोसेसर पुन्हा काढून पाहावा का?

शेवटी पाहावा, आधी नाही. इंटेलच्या आणि एएम५ च्या बोर्डांत बारीक पिना सॉकेटमध्ये असतात, एएमडीच्या जुन्या एएम४ मध्ये त्या प्रोसेसरच्या पोटाला असतात. मोबाइलचा टॉर्च तिरका धरला, की सगळ्या पिना एका दिशेने चमकतात आणि वाकलेली पिन रांगेतून वेगळी दिसते. ज्वारीच्या रांगेत एखादे ताट आडवे पडलेले जसे लांबूनही ओळखू येते, तसेच. एएम४ चा कूलर काढताना संगणक थोडा वेळ चालवून गरम करता आला तर करावा आणि कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवून सोडवावा. सरळ वर ओढल्यास कूलरखालच्या घट्ट झालेल्या पेस्टसह प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. संगणकात वीज उतरली आहे का?

हा प्रश्न मला मराठवाड्यातून सर्वांत जास्त विचारला जातो आणि त्याचे उत्तर बहुधा घराच्या अर्थिंगमध्ये असते. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रल या दोहोंपासून कॅबिनेटच्या पत्र्याकडे जाणारे लहान कपॅसिटर असतात आणि त्यांतून येणारी किरकोळ वीज अर्थच्या वायरीतून जमिनीत जावी, अशी योजना असते. अर्थ जोडलेलाच नसेल, किंवा तीन पिनांच्या केबलला दोन पिनांचा अ‍ॅडॅप्टर लावला असेल, तर ती वीज पत्र्यावर थांबते. फेज आणि न्यूट्रल यांच्या मधोमध, म्हणजे २३० च्या निम्म्या, साधारण ११५ व्होल्टवर पत्रा येतो. टेस्टर लावला तर त्याचा दिवा जळतो. वीज फार थोडी असल्याने झिणझिण्यांवर भागते, पण खरी गळती असली तरी लक्षण हेच दिसते, म्हणून दुर्लक्ष करू नये. अशा घरात संगणक मधेच अडकणे, यूएसबीला लावलेली वस्तू न ओळखली जाणे, ऑडिओत गुणगुण येणे असे त्रासही होतात.

मल्टिमीटरने सॉकेट मोजून घ्या, आणि हाताला सवय नसेल तर वायरमनकडून मोजून घ्या. फेज ते न्यूट्रल सुमारे २३०, फेज ते अर्थ जवळपास तेवढेच, आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्ट, असे आकडे आले पाहिजेत. आमच्या गल्लीतल्या एका घरात मे महिन्यात न्यूट्रल ते अर्थ तब्बल ४० व्होल्ट आले होते. घरामागे अर्थिंगचा खड्डा होता, मीठ-कोळसाही घातलेला होता, पण काळी माती उन्हाने फाटून त्यात चार बोटे शिरतील एवढी भेग पडली होती आणि पाणी कुणी वर्षभरात घातले नव्हते. दोन घागरी पाणी सावकाश मुरवले, तासाभराने पुन्हा मोजले, तेव्हा आकडा ४ वर आला होता आणि कॅबिनेटच्या झिणझिण्या थांबल्या होत्या. उन्हाळ्यात ज्यांच्या घरी पिण्याच्या पाण्याचीच ओढाताण आहे, त्यांना खड्ड्यात पाणी घाला असे सांगताना जीव कचरतो, तरी भांडी धुतलेले पाणी तिकडे वळवले तरी काम होते.

काही वायरमन अर्थ नसला की सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडून देतात. टेस्टर जळायचा थांबतो आणि सगळे समाधानी होतात. कृपया असे करू देऊ नका. खांबावरून किंवा मीटरपासून न्यूट्रल तुटला, तर पूर्ण फेज तुमच्या कॅबिनेटच्या पत्र्यावर येतो आणि हात लावणाऱ्याचा जीव जाऊ शकतो.

पहाटे संगणक व्यवस्थित सुरू होतो, रात्री मात्र उठत नाही किंवा मधेच रीस्टार्ट होतो. असे का?

व्होल्टेज मोजा. रब्बीच्या पाण्याच्या पाळ्या चालू असतात आणि एकाच डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) पंप व घरे दोन्ही असतात, तेव्हा घरातले व्होल्टेज १७० पर्यंत खाली आल्याचे मी अनेक गावांत पाहिले आहे. एसएमपीएसच्या बाजूच्या पट्टीवर इनपुट वाचा. तिथे १००–२४० असे असेल, तर १७० वरही तो साधारणपणे चालतो. २००–२४० असे असेल, तर तो चालेलच याची खात्री नाही आणि दोष मात्र मदरबोर्डवर ढकलला जातो. आमच्या भागात एसएमपीएस घेताना मी वॉटच्या आकड्याआधी ही ओळ वाचतो.

यूपीएसबाबतही एक सूचना आहे. ६०० व्हीएचा साधा यूपीएस बहुधा ३६० वॉटच देतो. मोठे ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक त्यावर लाइट जाताच बंद पडतो. शिवाय स्वस्त यूपीएस शुद्ध साइन वेव्ह, म्हणजे भिंतीतल्या विजेसारखी गुळगुळीत लहर, देत नाहीत आणि काही चांगल्या प्रतीचे एसएमपीएस अशा वेळी बंद पडतात. नव्या संगणकाची पहिली चाचणी म्हणूनच थेट भिंतीच्या सॉकेटवर, व्होल्टेज चांगले असताना करावी. यूपीएस त्यानंतर जोडावा.

संगणक सुरू होतो, पण पाच-दहा मिनिटांत आपोआप बंद होतो. का?

पुष्कळ कूलरच्या तळाला पातळ पारदर्शक फिल्म चिकटवलेली असते आणि तिच्यावर ती काढण्याची सूचना छापलेली असते. ती न काढता कूलर बसवला, तर प्रोसेसर तापून संगणक स्वतःहून बंद होतो. बायोसमध्ये जाऊन प्रोसेसरचे तापमान पाहा; तिथे काहीही काम चालू नसताना ते ९० अंशांकडे सरकत असेल, तर कूलर काढून पुन्हा बसवावा लागेल. पंख्याची वायर सीपीयू फॅन लिहिलेल्या पिनांवरच हवी. मे महिन्यात परभणीत पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त उकडते, हेही तापमान वाचताना लक्षात घ्यावे.

बायोस दिसते, पण ‘बूट डिव्हाइस सापडले नाही’ असे येते. एसएसडी खराब आहे का?

एसएसडी नवी असेल, तर तिच्यात विंडोज अजून भरलेलेच नाही, एवढाच या संदेशाचा अर्थ असतो. बायोसमध्ये एसएसडीचे नाव दिसत असेल, तर ती ठीक आहे. किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज घेऊन ते भरावे. नाव दिसत नसेल, तर ती एम.२ स्लॉटमध्ये (बोर्डावर आडव्या बसणाऱ्या पट्टीसारख्या एसएसडीची जागा) तिरकी उभी न राहता स्क्रूने आडवी दाबलेली आहे का ते पाहा. एम.२ च्या आकारात साटा (जुनी, संथ पद्धत) आणि एनव्हीएमई (नवी, वेगवान पद्धत) असे दोन प्रकार येतात आणि काही स्लॉट फक्त एनव्हीएमईच ओळखतात. काही बोर्डांत एम.२ वापरल्यावर ठरावीक साटा तोंडे बंद होतात, त्यामुळे जुनी हार्ड डिस्क अचानक दिसेनाशी झाली तर तिची केबल दुसऱ्या तोंडात लावून पाहा.

सगळे करून पाहिले. आता कोणता भाग सदोष, हे कसे ठरवावे?

एवढ्यावर आल्यावर दुसऱ्या चालू संगणकाची मदत घ्यावीच लागते. मित्राच्या संगणकात आपली रॅम लावा, मग त्याची रॅम आपल्या बोर्डात लावा. ग्राफिक्स कार्ड आणि एसएमपीएसचेही तसेच करा, एसएमपीएस मात्र त्याच्या स्वतःच्या केबलींसह. दोन्ही दिशांनी तपासल्याखेरीज निकाल देऊ नये, कारण आपली रॅम तिकडे चालली आणि त्याचीही रॅम इकडे चालली नाही, तरच संशय बोर्डावर किंवा प्रोसेसरवर जातो. एसएमपीएस उघडून पाहण्याचा मोह मात्र टाळा, त्याच्या आतल्या कपॅसिटरमध्ये वीज तोडल्यावरही जीवघेणा साठा राहू शकतो.

भाग परत पाठवावाच लागला, तर काय सांभाळावे?

दोष दिसतो आहे असा छोटा व्हिडिओ मोबाइलवर काढून ठेवा, त्यात बोर्डावरचा जळता दिवा आणि भागाचा अनुक्रमांक दोन्ही दिसले पाहिजेत. मदरबोर्ड पाठवताना सॉकेटवर काळे प्लास्टिकचे झाकण लावा. ते नसेल आणि वाटेत पिना वाकल्या, तर वॉरंटी नाकारली जाते. म्हणून पहिल्या दिवशी ते झाकण फेकू नका. झाकण लावण्यापूर्वी सॉकेटचा जवळून, उजेडात फोटो घ्या. पूर्ण संगणक एसटीने किंवा गाडीने न्यायचा असेल, तर ग्राफिक्स कार्ड आणि उंच कूलर काढून वेगळे न्या. आमच्याकडच्या रस्त्यांवर दोन तास हादरे बसले, की जड कार्ड आपल्या वजनाने स्लॉटमधून सैल होते आणि घरून चालू निघालेला संगणक दुकानात पोहोचल्यावर डिस्प्ले देत नाही. कॅबिनेट सीटवर उभे ठेवण्याऐवजी, बोर्ड खाली आणि उघडी बाजू वर येईल असे आडवे ठेवा आणि खाली घडी घातलेली गोधडी असू द्या.